रबर लावलेल्या स्टीलच्या पी-क्लिपा, जुन्या जिप्सीच्या ब्रेक आणि पेट्रोल लायनीसाठी, १४ महिने वापरून

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू मोठा होणार आहे. डबा ५२ नगांचा, गाडीखालचे पाईप चासीला धरून ठेवणाऱ्या, स्टेनलेसच्या पट्टीच्या आत काळं रबर असलेल्या पी-क्लिपा, वेगवेगळ्या मापांच्या. किंमत साधारण हजार रुपयांच्या आसपास पडली मला. एवढ्याशा वस्तूबद्दल एवढं काय लिहायचं असं वाटेल पण ज्याच्याकडे जुनी फोर बाय फोर आहे आणि जो ती खरोखर चिखलात घालतो त्याने हे शेवटपर्यंत वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण या क्लिपा नसल्यामुळे काय होतं ते मी घाटात बघितलंय.

गाडी १९९८ ची जिप्सी, एमजी४१३डब्ल्यू, कार्बोरेटरवाली. तीनदा आरसी रिन्यू झालीये, चासी अजून ठणठणीत आहे. पण पंचवीस वर्षांच्या वर झालेल्या गाडीच्या खाली जे लोखंडी बारीक पाईप असतात, ब्रेकचा ४.७५ एमएमचा आणि पेट्रोलचे जाणारे येणारे, ते मात्र कोकणच्या खाऱ्या हवेने आणि पावसाळ्यातल्या चिखलाने खाल्लेले होते. दिवेआगर, गुहागर, असं दर वर्षी दोनतीनदा होतंच आमचं, आणि वाळूवर गाडी घातली की घरी येऊन खालून धुवायला हवी ती नेहमी धुतली जायची असं नाही.

तर झालं असं की मागच्या बाजूचा ब्रेक पाईप पाझरायला लागला म्हणून एका गॅरेजला दिली, नाव घेत नाही. त्यांनी एका दिवसात काम करून दिलं, पैसेही कमी घेतले, मी खूश. खाली वाकून बघितलं तेव्हा नवा चकचकीत तांब्याचा पाईप दिसला आणि छान वाटलं. तो एसीच्या कामाचा साधा तांब्याचा पाईप होता हे मला तेव्हा कळलं नाही. आणि चासीवरच्या ओरिजिनल प्लॅस्टिकच्या क्लिपा काढताना तुटल्या असणार, त्या जागी सगळीकडे काळे झिप टाय, म्हणजे प्लॅस्टिकच्या बांधायच्या पट्ट्या, मारले होते. टाइट मारलेले, टोकं व्यवस्थित कापलेली, बघायला अगदी नीट.

चार महिन्यांनी, जुलैमध्ये, मुळशीच्या मागच्या बाजूला एका कच्च्या उतारावरून येत होतो. सोबत मुलगा होता. पेडल दाबलं तर नेहमीपेक्षा खूप खाली गेलं, अर्ध्याच्याही पुढे, आणि मग कुठे गाडीने धरलं. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या चाकांचे सर्किट वेगळे असतात, मास्टर सिलेंडर डबल आहे, म्हणून पुढच्यांनी धरलं. नाहीतर काय झालं असतं ते लिहायची इच्छा नाही. फोर लो मध्ये (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) पहिल्या गिअरला टाकून जागेवर थांबवली, चाकांना दगड लावले आणि खाली घुसलो.

डाव्या मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) थोडं पुढे, जिथे पाईप चासीवरून वळतो तिथे झिप टाय होता. टाय तुटला नव्हता, हे लक्षात घ्या, टाय जागेवरच होता. त्याच्या आणि पाईपच्या मध्ये लाल माती आणि बारीक रेव जाऊन बसली होती, आणि प्रत्येक खड्ड्याला पाईप त्या रेवेवर घासत होता. बोट फिरवलं तर नखाएवढ्या रुंदीचा एक खाचा लागला, आतून चमकणारा, आणि त्या खाच्याच्या तळाशी सुईच्या टोकाएवढं भोक. पेडल दाबलं की तिथून ब्रेक ऑईलची बारीक पिचकारी. जोरात ब्रेक दाबल्यावर लायनीत ७०-१०० बारचा दाब सहज जातो, त्यापुढे घासून पातळ झालेलं तांबं काय टिकणार. चालवत आणायचा विषयच नव्हता, क्रेन बोलावून गाडी पुण्यात आणली.

त्या दिवसानंतर ठरवलं की टाकीपासून पुढच्या चाकांपर्यंत सगळ्या लायनी नव्याने करायच्या आणि यावेळी पाईप कुठला यापेक्षा पाईप धरून कसा ठेवायचा याकडे आधी बघायचं. आमचे जुने मेस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा आहे, त्यांनी दोन रविवार दिले. त्यांचं म्हणणं असं की नव्या पाईपला मारतं ते त्याचं सुटं राहणं. इंजिन चालू असलं की पूर्ण चासी बारीक थरथरते, मोकळा सुटलेला पाईप तारेसारखा हलतो आणि दोन्ही टोकं नटमध्ये घट्ट असल्यामुळे सगळा ताण नटच्या मागे जमा होतो, तिथेच चीर पडते. साधं तांबं तर हलून हलून कडक होतं आणि मग तुटतं, म्हणून ब्रेकला ते लावूच नये. आम्ही ब्रेकला क्युप्रोनिकेलचा पाईप घेतला, तांबं आणि साधारण १० टक्के निकेलचा, जो ब्रेकसाठीच बनतो. गंजत नाही, हाताने वळतो, आणि डबल फ्लेअर (पाईपचं दुहेरी दुमडलेलं टोक) त्याच्यावर सुंदर बसतो. लोखंडी बंडी पाईपही चालतो, कंपनीतून तोच येतो, पण कोकणात जाणाऱ्या गाडीच्या ब्रेकला मी परत तो टाकणार नाही. नट एम१० बाय १ चे (१० एमएम व्यास, १ एमएमचे आटे), ते नाना पेठेत एका दुकानात मिळाले, दुकानवाल्या काकांनी जुना नट हातात घेऊन आटे मोजून दिले, असा माणूस ऑनलाईन मिळत नाही.

आता या डब्याबद्दल. पट्टी कडक आहे, कडा आतून गोल वळवलेल्या आहेत त्यामुळे रबर कापत नाही, आणि रबर पट्टीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतं म्हणजे पाईपला धातू कुठेच लागत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. झिप टायमध्ये आणि यात फरक हाच की टाय पाईपला फक्त बांधतो, ही क्लिप पाईपला सगळ्या बाजूंनी पोटाशी धरते आणि रेव आत जायला फटच ठेवत नाही. चुंबक लावून बघितलं, पट्टीला लागत नाही, वळवलेल्या कडेला अगदी किंचित ओढ जाणवते, ते ३०४ स्टीलला वाकवल्यावर होतंच. १४ महिन्यांत पूर्ण एक पावसाळा आणि दोन समुद्र झाले, एकाही पट्टीवर गंज नाही.

पण माप. इथे माझी पहिली तक्रार. डब्यात १०, १२, १६, १९ चे ढीग आहेत आणि सगळ्यात लहान माप ६ चं. ब्रेक पाईप ४.७५ चा. ६ च्या क्लिपमध्ये तो लटपटतो, बोटाने पुढेमागे सरकतो, आणि सरकणारा पाईप म्हणजे परत तीच कथा. आम्ही ५ एमएमच्या क्लिपा वेगळ्या मागवल्या, सुट्ट्या मिळतात. ६ च्या पेट्रोलच्या रिटर्न लायनीला गेल्या, ८ च्या जाणाऱ्या लायनीला, दोन्ही एकदम बरोबर बसल्या. १६ आणि १९ च्या तशाच पडून आहेत, एक वायरिंगच्या जुडग्याला वापरली. माप बरोबर आहे का बघायची मेस्त्रींची पद्धत सोपी आहे, बोल्ट आवळल्यावर क्लिपचे दोन कान एकमेकांना पूर्ण टेकले पाहिजेत आणि तरी पाईप हाताने सरकता कामा नये. कान टेकतच नसतील तर माप लहान आहे, जबरदस्तीने आवळलं तर पाईप चेपतो.

दुसरी गोष्ट जी डब्यावर कुठेच लिहिलेली नाही आणि जी माझ्या मते सगळ्यात मोठी त्रुटी आहे. यातलं रबर ईपीडीएम आहे. ईपीडीएम पाण्याला, उन्हाला आणि ब्रेक ऑईलला उत्तम, ब्रेकची रबरं त्याचीच असतात. पण पेट्रोल आणि इंजिन ऑईलला ते अजिबात चालत नाही, फुगतं. मला हे माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी टाकीजवळ रिटर्नच्या जोडावर अगदी थोडं पाझरत होतं, नुसता वास यायचा, थेंबही पडत नव्हता, आणि तिथली क्लिप उघडली तर आतलं रबर भिजलेल्या पावासारखं मऊ आणि जाड झालेलं, बोटाने दाबलं की तुकडा निघाला. जोड नीट केला, आणि मग पेट्रोलच्या लायनीवरच्या सगळ्याच क्लिपा काढून पेट्रोलला टिकणाऱ्या नायट्राईल रबरच्या लावल्या. तर कृपया विकणाऱ्यांनी हे ठळक लिहावं, कारण नव्वद टक्के लोक ह्या क्लिपा पेट्रोलच्या पाईपलाच लावायला घेत असणार.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर, आता पंपावर सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे आणि माझी गाडी त्या काळची नाही. टाकी ते लोखंडी पाईप आणि लोखंडी पाईप ते इंजिनवरचा पंप, हे जे रबरी तुकडे असतात ते जुने काढले तर आतून भेगा होत्या, वाकवल्यावर दिसल्या. नवे घेताना पाईपवर एसएई ३०आर९ (इंजेक्शनवाल्या गाड्यांच्या जास्त दाबाच्या नळीचं मानक) छापलेलं बघून घेतले. कार्बोरेटरवाल्याला एवढा दाब नसतो हे खरं, पण त्याचं आतलं अस्तर इथेनॉलला टिकतं म्हणून. लोखंडी पाईपच्या टोकाला उठावाची गोल कड असते ना, तिच्या पलीकडे रबर किमान इंचभर गेलं पाहिजे आणि क्लॅम्प कडेच्या पलीकडे बसला पाहिजे, कडेवर नाही. आणि साधा खाचांचा क्लॅम्प रबर कापतो, गुळगुळीत पट्टीवाला घ्या.

फिटिंगबद्दल थोडं, कारण क्लिप चांगली असून लावली वाईट तर काय उपयोग. जिप्सीची चासी बंद डब्यासारखी आहे, आतून नट लावता येत नाही. आम्ही शक्य तिथे कंपनीची जुनी भोकं वापरली आणि जिथे नव्हती तिथे चासीच्या उभ्या बाजूला ९ एमएमचं भोक पाडून एम६ चे रिव्हनट (बाहेरूनच भोकात दाबून बसवायचे आटेवाले नट) मारले. वरच्या किंवा खालच्या आडव्या पट्टीला भोक कधीच पाडायचं नाही, सगळा भार तिथे असतो. भोकाच्या कडेला आधी प्रायमर, मग रंग, मग रिव्हनट, नाहीतर तिथूनच गंज सुरू. आणि ड्रिल चालवायच्या आधी टाकी उतरवून लांब नेली, बॅटरी काढली. मेस्त्री याबाबतीत फार कडक आहेत, खड्ड्यात पेट्रोलची वाफ खाली बसून राहते म्हणून टाकी उतरवल्यावर तासभर पंखा लावून मोकळी हवा खेळू दिली आणि तोवर ग्राइंडरला हात लावू दिला नाही. मला ते तेव्हा जास्त वाटलं होतं, आता नाही वाटत.

क्लिपा दर फुटावर, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या आत. वळणाच्या आधी एक आणि नंतर एक. नटपासून वीतभर अंतरावर पहिली क्लिप हवीच. आणि बोल्ट वर, पाईप त्याच्या खाली लोंबेल अशी लावायची, विमानातही अशाच लावतात, म्हणजे बोल्ट थोडा ढिला झाला तरी पाईपचं वजन क्लिपला उघडत नाही. ब्रेकचा आणि पेट्रोलचा पाईप एका क्लिपमध्ये एकत्र धरायचा मोह होतो, जागा कमी असते, पण दोघांमध्ये बोटभर अंतर ठेवलं आम्ही. सायलेन्सरच्या बाजूला तर वीतभर तरी, आणि एका ठिकाणी जागाच नव्हती तिथे पत्र्याची आडोशाची पट्टी लावली. एकूण ३१ क्लिपा लागल्या.

आणि एक गोष्ट जिथे या क्लिपा कामाच्या नाहीत. चासीवरून मागच्या एक्सलवर जी रबरी नळी जाते ती मोकळीच हवी, तिला कुठे बांधायचं नाही. तिची दोन्ही टोकं ब्रॅकेटमध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराच्या क्लिपने धरलेली असतात, ती क्लिप जुनी, वाकडी किंवा गंजलेली असेल तर नवी टाका, दहावीस रुपयांची वस्तू आहे आणि लोक ती हरवून तार गुंडाळतात. माझ्या गाडीला २ इंचाची लिफ्ट आहे, म्हणजे गाडी तेवढी उंच केलेली आहे. चासीला जॅक लावून मागची चाकं पूर्ण लोंबू दिली तर नळी तारेसारखी ताणलेली दिसली, म्हणजे इतकी वर्षं दर वेळी चाक हवेत लटकलं की तीच ओढली जात होती. मेस्त्रींनी एल आकाराची पट्टी बनवून ब्रॅकेट खाली आणलं, आता पूर्ण लोंबल्यावरही नळीला झोल राहतो. पुढच्या चाकांचं स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पण बघा, टायर नळीला घासतो का ते. लिफ्ट लावणारे हे बघतच नाहीत, अगदी नावाजलेले सुद्धा.

शेवटी डॉट ४ ब्रेक ऑईल नवीन सीलबंद डब्यातलं टाकलं, उघडून ठेवलेलं ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग लांब उतारावर उकळतं. हवा काढली, पेडल वर कडक आलं, मग इंजिन चालू करून मी सगळ्या ताकदीने पेडल दाबून धरलं आणि मेस्त्री खाली टॉर्च घेऊन एकेक जोड कागदाने पुसत गेले. पुसलेला कागद प्रत्येक जोडाला कोरडा निघाला तेव्हा ते वर आले. हात पुसत म्हणाले, आता पोराला घेऊन जा.

१४ महिन्यांनी परवा परत खड्ड्यावर घेतली होती. ब्रेकच्या लायनीवरच्या सगळ्या क्लिपा सोडून आत बघितलं, पाईपवर कुठेही घासल्याची खूण नाही, फक्त रबराचा हलका काळा ठसा. लोखंडी पेट्रोल पाईपवर मात्र दोन क्लिपांच्या खाली गंजाचे तपकिरी डाग होते, कारण रबर खारं पाणी धरून ठेवतं आणि लोखंडाला ते वाळूच देत नाही. हा या प्रकारच्या सगळ्याच क्लिपांचा दोष आहे, एकट्या याच डब्याचा नाही. घासून, रंग देऊन, वॅक्स ग्रीस फासून परत बसवल्या. ज्यांचा पाईप लोखंडी आहे त्यांनी बसवतानाच हे करा आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, उघडून बघा. बोल्ट तीन ठिकाणी पाव आटा ढिले मिळाले, तिथे नायलॉक नट (आपोआप ढिला न होणारा) लावता येत नाही म्हणून निळं थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा डिंक) लावलं.

५ पैकी ४ देतोय. एक कमी केला तो मापांच्या वाटणीसाठी आणि रबर कुठलं ते न लिहिण्यासाठी, मालाच्या दर्जासाठी नाही, दर्जा पूर्ण पैसे वसूल आहे. जिप्सीवाल्यांनी हा मिश्र डबा घेण्याऐवजी ब्रेकसाठी ५ एमएमच्या २० ईपीडीएमच्या आणि पेट्रोलसाठी ६ आणि ८ च्या दहा दहा नायट्राईलच्या सुट्ट्या मागवाव्यात, थोडे जास्त पैसे जातील पण चुकीच्या मापाच्या पडून राहत नाहीत. महिंद्राच्या जुन्या जीपवाल्यांनी आपला पाईप व्हर्नियरने मोजून मगच ऑर्डर द्या, डिझेलची लाईन जाड असते. आणि खाली सध्या झिप टाय असतील तर पुढच्या ट्रिपची वाट बघू नका, आज संध्याकाळीच टॉर्च घेऊन खाली जा, प्रत्येक टाय कापा आणि त्याच्या खाली पाईपवर बोट फिरवा.